मुंबईहून न सुटलेली गाडी

वहिनी, तुम्ही गेलात आणि आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं की तुम्ही मुंबईला गेला आहात.

ठरलं ते आपल्याच ओटीवर, स्मशानातून परतल्यावर. धुतलेले हातपायसुद्धा अजून वाळले नव्हते. कुडपणहून आपल्या भाचीचा, सविताचा नवरा दत्ता आणि त्याचा चुलता खाली आले होते. चुलता खांबाला टेकून म्हणाला, "पोरगी अवघडलेली हाय. पयलीच खेप. आत्ता तिला काय बी सांगू नका. मोकळी होऊ दे, सव्वा म्हयना होऊ दे, मंग बघू." कुणीतरी विचारलं, मग सांगायचं काय? दत्ता म्हणाला, "मुंबईला गेल्यात म्हणून सांगतो. नात्यात कुणाचं तरी ऑपरेशन हाय." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मी पोलादपूरच्या स्टँडवरचा कंट्रोलर. उभा तालुका मला गाड्यांच्या वेळा विचारतो आणि मी सांगीन त्यावर विश्वास ठेवून बाकावर बसून राहतो. त्याच माणसानं तुम्हाला तुमच्या चितेची राख निवण्याआधी मुंबईच्या गाडीत बसवलं.

तुम्ही ओटीवर असतात तर काय म्हणाला असतात ते मला ठाऊक होतं. म्हणूनच मी कुणाच्या नजरेला नजर दिली नाही.

सविता त्याच आठवड्यात खाली यायची होती. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माझी बहीण गेल्यापासून तिचं माहेर म्हणजे आपलं घर. माहेर म्हणजे घर तरी कुठं, तुम्हीच. तिच्या केसांतल्या उवा काढण्यापासून लग्नात तिचं रुखवत करण्यापर्यंत सगळं तुम्ही केलंत. मागच्या महिन्यात ती तपासणीला आली तेव्हा परसात बसून तिनं तुम्हाला विचारलं होतं, "मोठी मामी, लय दुखतं का गो?" मी आत पेपर वाचत होतो. मला वाटलं, तुम्ही 'छे गं' म्हणाल. तुम्ही म्हणालात, "दुखतं. पण मी असेन." तेवढ्यावर ती समाधानानं पेरू खात बसली.

मग घराला सुतक लागलं आणि सुतकाच्या घरात पोटुशी पोर कशी पाठवायची म्हणून ती वरच राहिली, तुमची वाट बघत.

वहिनी, लोकांना तुमच्याविषयी सांगताना माझी नेहमी पंचाईत व्हायची. तुम्ही सुईण नव्हतात. नाळ कापणं, मूल हातावर घेणं याला तुम्ही कधी हात लावला नाहीत. ते नर्सबाईंचं काम, म्हणायचात. तुम्ही जवळ बसायचात. कळा सुरू झाल्यापासून मूल होईपर्यंत, आणि बोलावलं तर पुढं महिना-सव्वा महिना. "पण नक्की करता काय तुम्ही?" असं मी एकदा विचारलं तर म्हणालात, "बसते. तुम्ही नाही का स्टँडवर बसत? तुमच्या बसण्याला पगार आहे, एवढाच फरक."

सुरुवात आपल्याच घरात झाली. दादा गेल्यावर तुम्ही मुंबईची खोली सोडून आमच्याकडे आलात आणि वर्षभरात नंदाचं पहिलं बाळंतपण आलं. दवाखान्यात आत नेताना नंदानं तुमच्या पदराचं टोक मुठीत धरलं ते सोडेचना. नर्स चिडली, ओरडली, शेवटी वैतागून म्हणाली, "या तुम्ही पण पदराबरोबर." बाहेर मी आणि आई बसलो होतो. आतून नंदाचं ओरडणं येत होतं आणि त्यावर तुमचा खणखणीत आवाज: "ओरड गं, लाजू नको. नवऱ्याला शिव्या दे हव्या तर. बाहेरच बसलाय, ऐकू दे त्याला!" आणि माझ्या सरळमार्गी बायकोनं खरोखर मला एक शिवी दिली. आईनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती की लाजत होती, मला अजून कळलेलं नाही.

त्यानंतर बोलावणी सुरू झाली. आधी गल्लीतून, मग वाड्यावस्त्यांतून. कंडक्टर निरोप घेऊन यायचे, "कंट्रोलरसाहेब, तुमच्या वहिनींना अमक्या ठिकाणी बोलावलंय," आणि मी तुम्हाला त्या बाजूच्या गाडीत बसवून द्यायचो. ड्रायव्हरच्या मागची जागा, मांडीवर पिशवी, पिशवीत जुन्या धुतलेल्या साड्यांची दुपटी आणि तुमचे ते डिंकाचे लाडू. खरं बोलायचं ठरवलंच आहे तर बोलतो: वहिनी, तुमचे लाडू दगडासारखे असायचे. नंदा म्हणायची, बाळंतिणीचे सांधे भरून येतील पण दात राहणार नाहीत. तुम्ही दुसऱ्याच्या हातचे लाडू नेऊ द्यायचा नाहीत. आणि शेकाच्या शेगडीवरून तुम्ही नर्सशी किती भांडलात! उन्हाळ्याचे दिवस, खोलीत निखारे, पोराचं अंग घामोळ्यांनी लाल झालं. नर्सचं बरोबर होतं. तुम्ही ते कधी कबूल केलं नाहीत. फक्त पुढच्या वेळी शेगडी माळ्यावरच राहिली.

ज्या घरांनी तुम्हाला कळा सुरू झाल्यावर धावत येऊन नेलं, त्याच घरांनी पाचवीच्या पूजेला तुम्हाला परसात जाऊन बसायला सांगितलं. नवरा गेलेली, पोटी मूल नसलेली बाई सटवाईच्या पाटासमोर नको. मला राग यायचा. तुम्ही पिशवी आवरत हसून म्हणायचात, "हळदीकुंकवाला नका बोलावू मला. कळा आल्या की बोलवा. तेव्हा कुणी माझं कपाळ बघत नाही." परसात बसून तुम्ही आतल्या बाईला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं खोकायचात, असं एकीनं मला तेराव्याला सांगितलं. म्हणजे तिला कळावं, तुम्ही गेलेल्या नाही आहात.

तुमचा नियम एकच होता. कळा देणाऱ्या बाईशी आणि बाळंतिणीशी खोटं बोलायचं नाही. वेळ लागेल तर वेळ लागेल म्हणायचं. टाके घालावे लागतील तर टाके म्हणायचं. "तिच्या हातात काही नसतं हो भावोजी," तुम्ही म्हणायचात, "समोरच्याचं तोंड बघून ती अंदाज बांधते. ते तोंडच खोटं असलं तर तिनं कशाला धरायचं?"

यावरूनच आपलं वाजलं.

आमचा अमोल झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी नंदाच्या माहेराहून, माणगावहून, एक कंडक्टर निरोप घेऊन आला की नंदाचे वडील सकाळी गेले. मी तसाच घरी आलो. आई तेव्हा होती; ती म्हणाली, ओल्या बाळंतिणीला सांगायचं नसतं, दूध आटतं, वेड लागतं. मलाही ते पटलं. खरं तर पटण्यापेक्षा सोपं वाटलं. तुम्ही म्हणालात, "तिचे वडील आहेत. तिला सांगा. मी जवळ बसते." मी म्हणालो, "मी नवरा आहे तिचा. मी ठरवीन." तुमच्याशी मी त्या आवाजात आधी कधी बोललो नव्हतो. तुम्ही म्हणालात, "ठरवा. पण मला खोटं बोलायला लावू नका."

मी लावलं नाही. गप्प बसायला लावलं. नंदा विचारायची, "बाबा अजून कसे आले नाहीत नातवाला बघायला?" मी सांगायचो, पाय दुखतायत, थंडी उतरली की येतील. तुम्ही बाळाचं दुपटं बदलायला म्हणून उठायचात. कोरडं दुपटंसुद्धा बदलायचात.

सव्वा महिन्यानं सांगितलं तेव्हा नंदा रडली नाही. म्हणाली, "एवढे दिवस मी हसत होते. बाळाला न्हाऊमाखू घालत होते, गाणी म्हणत होते. तुम्ही मला हसू दिलंत." मग तुमच्याकडे वळून म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं?" तुम्ही म्हणालात, "होतं." तुम्हा दोघींमध्ये त्यानंतर भांडण असं झालं नाही, पण नंदानं तुमच्यापाशी पुन्हा कधी वडिलांचा विषय काढला नाही. माझ्यापाशीही नाही. आणि ही शिक्षा तुमच्या वाट्याला माझ्यामुळं आली.

तरी मी वर्षानुवर्षं वाद घालत राहिलो. मी म्हणायचो, तुम्हीच तर सांगता की घाबरलं की दूध उतरत नाही. तुम्ही म्हणायचात, "घाबरल्यानं. रडल्यानं नाही." मी म्हणायचो, कशावरून? तुम्ही म्हणायचात, "मी बसलेय तिथं, तुम्ही नाही." याचाच मला राग यायचा.

मग उमरठच्या बाजूच्या एका वाडीतली ती बाई. तिचं मूल जन्मतःच गेलेलं होतं. घरचे तिला सांगत होते, काचेच्या पेटीत ठेवलंय, उद्या आणतील. ती छाती दाबून धरत विचारत राहिली आणि तुम्ही सांगितलंत. तिनं हातातला तांब्या तुमच्यावर फेकला. कपाळावर खोक घेऊन घरी आलात. ती बाई नंतर बाजारात दिसली की रस्ता बदलायची. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. मला विचारलंत, "मी चुकले का हो, भावोजी?"

मी म्हणालो, "चुकलात."

मला तेव्हा काहीही माहीत नव्हतं, वहिनी. मला फक्त एकदा तुमच्याशी जिंकायचं होतं. तुम्ही मान हलवलीत आणि म्हणालात, "असेल. मला तरी कुठं कळतं सगळं." त्यापुढं तुम्ही माझ्याशी वाद घातला नाहीत. नियम मात्र बदलला नाहीत. कळत नसताना तो कसा पाळलात, ते विचारायचं राहून गेलं.

दहाव्याला मी केस उतरवले, मिशी काढली. दुसऱ्याच दिवशी दुपारी दत्ता धापा टाकत दारात. सविताला जीपनं महाडला आणलं होतं, चवदार तळ्याच्या पलीकडच्या गल्लीतल्या एका लहानशा प्रसूतिगृहात. "मामा, ती कुणाचं ऐकत नाय. मोठ्या मामी आल्याबिगर आत जायचं नाय म्हणतेय. तुम्ही तरी चला. पण..." तो माझ्या डोक्याकडे बघत राहिला. "टोपी घालून चला."

थंडी होती, म्हणून कानटोपी चालून गेली असती. नंदानं ती पेटीतून काढून दिली. देताना टोपी हातातून सोडली नाही. म्हणाली, "जा. पण खोटं बोलायला जात असाल तर नका जाऊ."

मी टोपी घातली आणि निघालो.

सविताची सासू पायरीवरच आडवी आली. "आत नको हां मामा, सुतक हाय तुमचं. दारातनंच बोला." मी दारात उभा राहिलो. सविता कॉटवर एका कुशीला वळून, गुडघे घट्ट मिटून पडलेली. मला बघून तिचा चेहरा उजळला आणि मग ती चक्रावली.

"मामा, मिशी कुठं गेली?"

"उडाली गं. दाढी करताना हात सरकला."

"पूर्ण?" ती एवढ्या दुखण्यात हसली. "मोठ्या मामीला बघू दे. हसून हसून मरेल ती."

सासू घाईघाईनं म्हणाली, "येताहेत गो त्या. मुंबईहून सुटली गाडी. पनवेलला आल्या असतील आतापर्यंत. होय ना मामा?"

आणि सविता माझ्याकडे बघायला लागली. वहिनी, ते बघणं मी रोज बघतो. स्टँडवर पोर कडेवर घेऊन बाई उभी असते, खिडकीतून वाकून विचारते, गाडी कुठवर आली? तिला माझ्या तोंडून गावाचं नाव हवं असतं. नाव मिळालं की ती खांद्यावरचं ओझं खाली ठेवते.

"फोन लावून विचारतो," मी म्हणालो.

कोपऱ्यावरच्या पीसीओत गेलो, रिसीव्हर कानाला लावला आणि नुसता उभा राहिलो. नंबर फिरवला नाही. बूथवाला काचेतून बघत होता. परत आलो आणि दारातून सांगितलं, "माणगाव सोडलं."

माणगाव का आलं तोंडात, माहीत नाही. इतक्या वर्षांत त्या गावाचं नाव मला आमच्या घरात सहज घेता आलेलं नाही.

सविता म्हणाली, "मग आता जवळच." आणि तिनं गुडघे आणखी घट्ट मिटले. कळ आली तशी तिनं ओठ चावला, अंग आखडलं, कॉटची दांडी धरून कळ जणू थोपवून धरली. "मामी येईपर्यंत," ती पुटपुटत होती, "मामी येऊ दे."

नर्स बाहेर आली ती माझ्यावरच डाफरली. "कोण मामी आहे ही? कधी पोचणार? पोरगी अंग सोडत नाहीय. कळा मंदावल्यात. असंच राहिलं तर मॅडम सिझर करायचं म्हणतायत." सासू मला बाजूला घेऊन म्हणाली, "लोणेऱ्याला आल्या म्हणून सांगा. मंग महाडच्या नाक्यावर आल्या म्हणून सांगा. तंवर होईल ती मोकळी."

मी लोणेरे म्हणालो. होय वहिनी, तेही म्हणालो. सविता दाराकडे बघून बोटांवर काहीतरी मोजायला लागली, लोणेऱ्याहून महाडला गाडी किती वेळात येते ते. ते मीच तिला लहानपणी शिकवलं होतं. आणि तेव्हा मला दिसलं की आपली गाडी आता थांबवायला जागाच उरलेली नाही. पुढचं गाव महाड. मग रिक्षा. मग पायरी. मग हे दार. मग दारात कोण?

"मामा, नाक्यावर जाऊन थांबा ना तुम्ही," ती म्हणाली. "तिला ही गल्ली सापडायची नाही."

मी टोपी काढली. उंबरठा ओलांडला. मागून सासू ओरडली, "अवो मामा, काय करताय!" सविताची नजर माझ्या डोक्यावर गेली आणि तिथंच राहिली. मी खाली बसलो, तिच्या तोंडाच्या उंचीला आलो.

"सविता, मोठी मामी गेली गं. दहा दिवस झाले."

तिनं अगदी हळू विचारलं, "मग तुम्ही कुठली गाडी सांगत होतात?"

मी टोपी जमिनीवर ठेवली, वहिनी.

ती रडायला लागली ते असं, की बाजूच्या कॉटवरच्या बाईची आईही उठून आली. सासू कपाळावर हात मारून घेत होती. "मारलात पोरीला! ऐन टायमाला!" दत्ता दारात पांढराफटक. मला वाटलं, मी हे काय केलं? आयुष्यभर तुमच्याशी वाद घातला आणि नेमका या दिवशी तुमचं ऐकलं, तेही अर्ध्या वाटेवर येऊन, आधी दोन गावं खोटी सांगून झाल्यावर. तुमचं खरेपण असं नव्हतं. तुम्ही सुरुवातीपासून खऱ्या असायचात. माझ्या खरेपणाला धार होती.

मग कळ आली. सवितानं माझं मनगट धरलं आणि ओरडली. आतापर्यंत ती ओरडली नव्हती. नर्सनं वळून बघितलं, पुढं येऊन तपासलं, आणि सासूला म्हणाली, "राहू दे त्यांना थोडा वेळ. तुम्ही बाहेर व्हा."

मला काय बोलायचं ते माहीत नव्हतं. इतक्या बायकांपाशी तुम्ही बसलात आणि तुम्ही तिथं नेमकं काय बोलता हे मी एकदाही विचारलं नाही. कळ ओसरली की सविता विचारायची, "कशी गेली?" आणि मला जे माहीत होतं ते मी सांगत होतो. सकाळची वेळ होती. परसात बसली होती. वाल भिजवलेले, बिरडं सोलत होती. तुला आवडतं म्हणून जास्तच भिजवलेले. डॉक्टर म्हणाले, हृदय. फार वेळ लागला नसणार. मग पुन्हा कळ, पुन्हा मनगट. "शिव्या दे हव्या तर," मी मध्येच म्हणालो, आणि तिनं मला एक दिली, रडत रडत. ती शिवी माझ्या हक्काची होती.

आत नेताना तिनं माझा हात सोडला. पुढं काय झालं ते मी बाहेरूनच ऐकलं. सिझर लागलं नाही. रडल्यानं अंग सुटलं की सलाईनमधल्या इंजेक्शननं, हे मी सांगू शकत नाही. तुम्ही असतात तर छातीठोकपणे सांगितलं असतं आणि मी विचारलं असतं, कशावरून?

मुलगी झाली. नाक तिच्या आजीचं, माझ्या बहिणीचं.

पण हा निकाल तुमच्या बाजूनं लागला असं समजू नका. दूध पहिले काही दिवस उतरलंच नाही. पोरीला पावडरचं पाजावं लागलं आणि सासूनं येईल-जाईल त्याला सांगितलं, "मामांचा खरेपणा बघा हा, वाटीत कालवलेला." मी ऐकून घेतलं. एका बाजूनं वाटायचं, म्हातारीचं चुकलं कुठं? मग दूध आलं. ते आपोआप आलं असतं की आणखी काही, कोण सांगणार. ही भांडणं पुढं चालवायला तुम्ही नाही आहात. मला आता दोन्ही बाजूंनी एकट्यानंच बोलावं लागतं.

तेरावं झालं, घर झाडून-पुसून झालं आणि सविता आपल्याकडे आली. तुमच्या खोलीत. तिथं आता नंदा झोपते. रात्री बाळ ती घेते, पोरीला झोपू देते. बाळ बघायला आलेल्या बायकांना ती तुमच्यासारखंच वाटेला लावते, "बघितलंत? गोड आहे ना? चला." मी नंदाला असं बोलताना आधी कधी ऐकलेलं नाही. सविता पाजताना रडते, पदरात थेंब पडत राहतात, आणि नंदा तिला 'रडू नको' म्हणत नाही. परवा मी कामावरून आलो तर दोघी बोलत होत्या. नंदा तिच्या वडिलांबद्दल सांगत होती. ते सायकल कशी चालवायचे, उतारावर पाय वर घेऊन पोरांसारखे कसे ओरडायचे. मी इतक्या वर्षांत हे ऐकलेलं नव्हतं. मी ओटीवरच चपला हातात घेऊन उभा राहिलो. नंदाचा आवाज मध्ये फुटला, थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

तेवढ्यात आतून सवितानं हाक मारली. "मामा, आलात ना? आत या."

मी दारात गेलो. बाळ तिच्या मांडीवर झोपलेलं. नंदा भिंतीला टेकून बसलेली, डोळे लाल. सविता म्हणाली, "त्या दिवशी विचारायचं राहिलं. मामी गेली तेव्हा तिच्याजवळ कोण होतं?"

वहिनी, याच प्रश्नाला मी भीत होतो. ओटीवर मान हलवली ती त्याच्याच भीतीनं, हे मला त्या क्षणी समजलं. मला तिच्या जिवाची काळजी होतीच, नाही असं नाही. पण आपण सविताला सांगितलं की ती हे विचारणार, हे मला तेव्हाच ठाऊक होतं. आणि आता मी सहज म्हणू शकलो असतो, मी होतो. ओली बाळंतीण समोर, कुणी मला दोष दिला नसता. नंदा माझ्याकडे बघत होती.

"कुणी नव्हतं," मी म्हणालो. "नंदा बाजारात गेलेली. पोरं शाळेत. मी स्टँडवर. निघताना मामी म्हणाली होती, भावोजी, आज थोडं उशिरा गेलात तर नाही का चालणार? कशाला, ते बोलली नाही. मीही विचारलं नाही. मी म्हणालो, नाही चालणार, गाडी आहे."

बाहेर कुणाची तरी म्हैस घंटा वाजवत गेली.

मला वाटलं, आता ती म्हणेल, तुमचा काय दोष मामा. किंवा रडेल. किंवा तोंड फिरवेल, आणि ते सगळ्यात बरोबर झालं असतं. सवितानं यातलं काहीच केलं नाही. तिनं बाळाला मांडीवरून सावकाश उचलून पलीकडं ठेवलं, गोधडी ओढून घेतली, आणि आपल्या बाजूला जागा केली.

"बसा," ती म्हणाली.

मी बसलो, वहिनी. नंदा उठून चहा ठेवायला गेली आणि तरी आम्ही बसूनच होतो. तिथं आत तुम्ही काय करायचात, ते मला वाटतं थोडंसं कळलं.